स्वयंपाकघरातलं इंजिन

परवा बचत गटाची बैठक आटोपून दुपारी घरी आले, तर ओट्यावर गाडीचा कार्बोरेटर सुटा करून मांडलेला. ओटा पुसायचं फडकं काळंकुट्ट. आणि आमचे चिरंजीव माझ्या चहाच्या गाळणीतून पेट्रोल गाळत बसलेले, तेही शेगडीपासून हातभर अंतरावर! मैत्रिणींनो, मी आधी गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि मग तोंड उघडलं. काय काय बोलले ते इथं सांगत नाही. तुमच्याही घरी मुलगे आहेत.

आमचं कनेरगाव नाका हे हिंगोलीहून वाशिमकडं जाताना लागणारं रस्त्यावरचं गाव. इथं मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. रात्रंदिवस ट्रकची ये-जा. अशा गावातल्या पोरांना पुस्तकाआधी पान्याची ओळख होते. आमचा मुलगा आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतोय. त्यानं भंगारातून एका मोटारसायकलचं इंजिन आणलं, माळ्यावरच्या मोडक्या लोखंडी खाटेचे अँगल कापून चौकट जोडली, आणि आता अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी चार चाकांचं काहीतरी उभं राहतंय. त्याला म्हणे हॉट रॉड म्हणतात.

मलाही हा शब्द नवाच होता. एखादी जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर, मडगार्ड, असेल नसेल ते ओझं उतरवायचं, इंजिन घरीच खोलून आणखी ताकदवान करायचं, की झाला हॉट रॉड. आणि अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे चारशे मीटर पळवायच्या, ती ड्रॅग रेस. वळण नाही, वळसा नाही. काही सेकंदांचा खेळ. अमेरिकेतल्या पोरांनी हे वेड सुरू केलं आणि पुढं त्याचा मोठा खेळ झाला.

माझा विरोध तेलाच्या डागांना नव्हता. सायलेन्सर काढलेली गाडी घेऊन हायवेवर शर्यत लावणाऱ्या एका पोराच्या आईजवळ मी अख्खी रात्र बसलेली आहे. समाजकार्य करते म्हटलं की लोक सरकारी योजनांचे फॉर्म भरायला बोलावतात, तसंच अशा रात्रीही बोलावतात. त्या माउलीचं नाव-गाव सांगत नाही. पण त्या रात्रीनंतर मला गाडीचा मोठा आवाज ऐकला तरी पोटात गोळा येतो. म्हणून मी सरळ सांगून टाकलं, की अंगणातलं ते धूड भंगारवाल्याला जाईल.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पोरानं मला हेन्री फोर्डबद्दल वाचायला सांगितलं. पोरगं हुशार! फोर्डबद्दल नव्हे, फोर्डच्या बायकोबद्दल वाच, असं सांगितलं. मी इतिहास घेऊन बी. ए. केलेली बाई. यंत्रातलं फारसं कळत नाही, पण माणसांच्या गोष्टीत रमते. वाचत गेले आणि आठवडाभर त्या दोघांच्याच घरात राहून आले म्हणा ना.

हेन्री फोर्ड हे नाव गाडीवर लिहिलेलं आपण पाहिलंय. हा माणूस शेतकऱ्याचा मुलगा. ३० जुलै १८६३ ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्न गावाजवळच्या शेतावर जन्मला. बाप आयर्लंडहून पोट भरायला आलेला. पोराला शेतातल्या कामाचा कंटाळा आणि यंत्राचं भारी वेड. कुणी घड्याळ दिलं की ते खोलून पुन्हा जोडायचं. हत्यारं नव्हती, तर खिळा घासून त्याचा स्क्रू-ड्रायव्हर केला. शेजारीपाजारी आपली बंद पडलेली घड्याळं त्याच्याकडं आणून द्यायचे. १८७६ साली तो बारा वर्षांचा असताना आई गेली. त्याच वर्षी बापाबरोबर घोडागाडीतून जाताना समोरून वाफेवर चालणारं एक इंजिन स्वतःच्या चाकांवर येताना दिसलं. त्याला ना घोडा जुंपलेला, ना बैल. पोरगं गाडीतून उडी मारून थेट त्या इंजिनवाल्याकडं. बारा वर्षांच्या मुलाची आई गेली आणि त्याच वर्षी त्याला यंत्र भेटलं, हे वाचताना मला कसंसंच झालं.

सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइट शहरात कामाला गेला. एका मशीन शॉपमध्ये आठवड्याला अडीच डॉलर मिळायचे आणि राहण्या-खाण्याचेच साडेतीन लागायचे. मग रात्री एका सोनाराकडं घड्याळं दुरुस्त करून तूट भरून काढायची. आपल्याकडची पोरं पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत जातात, त्यांच्या आयांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

काही वर्षांनी तो गावी परतला. शेतकऱ्यांची वाफेची इंजिनं चालवून-दुरुस्त करून देऊ लागला. तिथंच एका नाचाच्या कार्यक्रमात क्लारा ब्रायंट भेटली. तीही शेतकऱ्याचीच मुलगी, त्याच्याहून तीनेक वर्षांनी लहान. ११ एप्रिल १८८८ ला, तिच्या बाविसाव्या वाढदिवशी दोघांचं लग्न झालं. सासऱ्यांनी जंगलाची जमीन दिली होती. लाकूड कापून विकायचं आणि घर चालवायचं. क्लारानं स्वतः घराचा नकाशा काढला आणि नवऱ्यानं त्याप्रमाणं घर बांधलं. चांगलं चौकोनी, टुमदार घर. तिला वाटलं असेल, आता आयुष्य इथंच.

कसलं काय! १८९१ मध्ये नवऱ्याच्या डोक्यात आलं, की पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी गाडी करायची. त्यासाठी विजेचं ज्ञान हवं, आणि ते मिळणार डेट्रॉइटला. घरात बाजाच्या पेटीवर गाण्याच्या नोटेशनचा कागद होता, त्याच्याच पाठीवर त्यानं इंजिनाचं चित्र काढून बायकोला दाखवलं. आता सांगा, अशा कागदाच्या भरवशावर तुम्ही-आम्ही नवंकोरं घर सोडून शहरात भाड्याच्या खोलीत गेलो असतो का? क्लाराच्या मनातून जायचं नव्हतं. पण गेली. हेन्रीला एडिसनच्या वीज कंपनीत ४५ डॉलर महिन्याची नोकरी लागली. पुढं काही वर्षं हे कुटुंब एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात फिरत राहिलं.

१८९३ च्या नोव्हेंबरात मुलगा झाला, एडसेल. त्यानंतर सात आठवड्यांनी नाताळची आदली रात्र आली. तारीख २४ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे जेवायला येणार. क्लारा स्वयंपाकघरात त्याच्या तयारीत, बाळ पलीकडच्या खोलीत झोपलेलं. अशा वेळी नवरा एक फळी घेऊन आत आला. फळीवर त्यानं हातानं बनवलेलं छोटं इंजिन बसवलेलं. सिलिंडर म्हणजे गॅसच्या पाइपचा तुकडा आतून घासून केलेला. (हा सिलिंडर म्हणजे आपला गॅसचा नव्हे बरं का, इंजिनात पिस्टन ज्यात खाली-वर होतो ती नळी.) फ्लायव्हील म्हणजे जुन्या लेथ मशीनचं हातानं फिरवायचं चाक. ही फळी त्यानं भांडी घासायच्या सिंकला आवळून बसवली. ठिणगीसाठी स्वयंपाकघरातल्या दिव्याची वायर जोडली. पेट्रोल टाकायला माणूस हवा होता. हातातलं काम टाकून क्लारा उभी राहिली आणि इंजिनाच्या तोंडाशी थेंब-थेंब पेट्रोल सोडू लागली. हेन्रीनं चाक फिरवलं. इंजिन खोकलं, धडधडलं, सिंक हादरलं, धुराड्यातून ज्वाळा निघाल्या. चाललं!

म्हणजे माझ्या ओट्यावरचं पेट्रोल काहीच नाही म्हणायचं. तरी मी सांगते, ते दोघं वाचले हे त्यांचं नशीब. बंद स्वयंपाकघरात पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीनं भडका उडतो. तुम्ही कुणी घरी हा प्रयोग करू देऊ नका.

पण त्या रात्रीचा विचार केला की मला क्लाराचे हात दिसतात. उद्याच्या पाहुण्यांच्या तयारीतले हात पेट्रोलच्या वासाचे झाले. सात आठवड्यांची बाळंतीण ती. आपल्याकडं सव्वा महिना झाला की बाईनं कामाला लागावं म्हणतात, पण कामात इंजिन सुरू करणंही येतं हे कुणी सांगितलं नव्हतं!

त्यानंतर बॅगली अव्हेन्यूवरच्या घरामागच्या विटांच्या शेडमध्ये गाडीचं काम सुरू झालं. दिवसभर वीज कंपनीत नोकरी, रात्र शेडमध्ये. पगारातला बराच पैसा लोखंडात जायचा आणि घरखर्चाचा हिशेब क्लारा वहीत लिहून ठेवायची. शेडचा अर्धा भाग शेजारच्या म्हातारबाबांचा, कोळसा-लाकूड ठेवायचा. त्यांनी आपला भाग मोकळा करून दिला आणि रोज रात्री येऊन काम बघत बसू लागले. गल्लीत बाकीचे लोक हेन्रीला वेडा समजायचे. हेन्री मात्र बायकोला श्रद्धावान अशा अर्थाच्या टोपणनावानं हाक मारायचा.

४ जून १८९६. पहाटेच्या आधीची वेळ, बाहेर पाऊस. दोन-अडीच वर्षांच्या जागरणानंतर गाडी तयार झाली. सायकलची चार चाकं, लाकूड-लोखंडाची चौकट, मागं दोन सिलिंडरचं चार अश्वशक्तीचं इंजिन, पट्टा आणि साखळी. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. वळवायला गोल स्टिअरिंग नाही, नावेच्या सुकाणूसारखा दांडा. हॉर्न म्हणून घराच्या दाराची घंटा. रिव्हर्स गिअर नाहीच. आणि आता बाहेर काढायची म्हटल्यावर कळलं, की शेडचं दार गाडीपेक्षा अरुंद!

मोठमोठ्या बुद्धीच्या माणसांचं हे असं होतं. गाडी मोजली, दार मोजलं नाही. हेन्रीनं कुऱ्हाड घेतली आणि भाड्याच्या शेडची भिंत फोडली. क्लारा पावसात छत्री घेऊन उभी होती. एक मित्र पुढं सायकलवर, रस्ता मोकळा करत, आणि मागून ही गाडी. वाटेत ती बंद पडली, दुरुस्त केली, परत घरी आली. दुसऱ्या दिवशी घरमालक आला तो भिंत पाहून संतापलेला. पण गाडी पाहिल्यावर म्हणे त्याचा राग उतरला आणि त्यानं ते भगदाड तसंच राहू द्यायला सांगितलं, नाहीतर गाडी परत आत कशी जाणार!

आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शंकरराव कुलकर्णींनीही १९४९ पासून अशीच स्वतःच्या डोक्यानं छोटी मोटार घडवली होती. तिचं नाव मीरा. एकामागून एक सुधारलेल्या गाड्या त्यांनी केल्या, पण ती बाजारात येऊ शकली नाही. तिच्या मागंही एखादी छत्री घेऊन उभी राहिलेली बाई असणारच, असं मला आपलं वाटतं.

हेन्रीनं ती पहिली गाडी दोनशे डॉलरला विकून टाकली, कारण दुसरीसाठी पैसा हवा होता. पुढं नाव झाल्यावर ६५ डॉलरला परत विकत घेतली. आज ती डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

इथून पुढचं वाचताना मला वाटलं होतं, की आता सरळ श्रीमंतीच. तसं नाही हो. १८९९ मध्ये त्यानं वीज कंपनीतली चांगली नोकरी सोडली. भागीदार मिळाले, कंपनी निघाली, दीड वर्षात बुडाली. भाडं वाचवायला नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांचं पोर सासऱ्यांच्या डेट्रॉइटमधल्या घरी राहायला गेले. चाळिशीकडं झुकलेला नवरा, नोकरी नाही, धंदा बुडालेला. तेव्हा या गृहस्थानं काय ठरवलं असेल? रेसची गाडी बांधायची!

यात वेडेपणा कमी आणि हिशेब जास्त होता. त्या काळात मोटार हे श्रीमंतांचं खेळणं होतं. कोणाची गाडी चांगली हे लोकांना शर्यतीतच कळायचं. जाहिरातीला पैसा नाही, तर शर्यत जिंकणं हीच जाहिरात. हेन्रीनं दोन-चार जिवलग मदतनिसांना घेऊन गाडी उभी केली. नाव 'स्वीपस्टेक्स'. दोनच सिलिंडर, पण घागरीएवढे प्रचंड. अंगावर काही नाही, नुसता सांगाडा, इंजिन आणि बसायला जागा. ठिणगीची वीज भलतीकडं उडू नये म्हणून लागणारं चिनी मातीचं आवरण त्यांनी चक्क दातांच्या डॉक्टरकडून करून घेतलं. ज्या मातीचे दात करतात, तीच! माझ्या मुलाला ही गोष्ट फार आवडली. वाशिमच्या कुठल्या दातांच्या डॉक्टरकडं जाऊन उभा राहील की काय, याची मला धास्ती आहे.

१० ऑक्टोबर १९०१. डेट्रॉइटजवळचं ग्रोस पॉइंटचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. समोर अलेक्झांडर विंटन, त्या काळचा नामांकित गाडीवाला. त्याची गाडी कितीतरी जास्त ताकदीची. जिंकणाऱ्याला हजार डॉलर आणि काचेचं नक्षीदार मोठं भांडं. विंटनच जिंकणार हे इतकं गृहीत धरलेलं, की ते भांडं विंटनच्या घरात शोभेल असं त्याच्याच माणसानं निवडलं होतं! हेन्री आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीत उतरलेला. गाडीला धड ब्रेक नाही. वळणावर गाडी उलटू नये म्हणून हफ नावाचा मदतनीस बाजूच्या पायरीवर लटकून अंग बाहेर झोकायचा. आपल्याकडं बैलगाडी कलली की एकजण पलीकडच्या चाकावर भार देतो ना, तसं.

शर्यत दहा मैलांची, म्हणजे सोळा किलोमीटर. सुरुवातीला विंटन बराच पुढं. मग त्याच्या गाडीतून धूर निघू लागला, बेअरिंग तापलं. हेन्री हळूहळू अंतर तोडत गेला आणि लोकांच्या डोळ्यांसमोर पुढं निघाला. साडेतेरा मिनिटांच्या आतच शर्यत संपली. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर वेग पडला.

क्लारानं त्यानंतर आपल्या भावाला पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. त्यात तिनं सगळी गंमत सांगितलीय. एका माणसानं आनंदानं टोपी हवेत फेकली आणि खाली पडल्यावर तिच्यावरच नाचला. एक बाई खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, की जवळ असते तर पन्नास डॉलर फोर्डवर लावले असते. तिला शांत करायला नवऱ्यानं तिच्या डोक्यात मारलं म्हणे. हे क्लारानं सहज लिहून टाकलंय. मी मात्र तिथंच थांबले. त्या बाईकडं पन्नास डॉलर नव्हते, आणि ओरडायचीही सोय नव्हती.

काचेचं भांडं घरी आलं. हेन्री गाडीतून उतरला तेव्हा पुन्हा असलं करणार नाही असं म्हणाला होता. अर्थात ऐकलं नाहीच. दुसरी कंपनी निघाली, तीही भागीदारांशी पटलं नाही म्हणून काही महिन्यांत सोडली. हातात नऊशे डॉलर. लगेच टॉम कूपर या सायकलपटूला धरून दोन आणखी राक्षसी गाड्या बांधल्या. एकीचं नाव एका वेगवान रेल्वे इंजिनावरून '९९९' ठेवलं. चार सिलिंडर मिळून जवळजवळ १९ लिटरचं इंजिन. आपल्या घरची साधी कार एक-सव्वा लिटरची असते, म्हणजे कल्पना करा. ती चालवायची खुद्द हेन्रीलाही भीती वाटली. शेवटी बार्नी ओल्डफिल्ड नावाचा सायकल शर्यतीतला धाडसी गडी आणला. त्याला मोटार चालवायचीच माहिती नव्हती. त्याला शिकवलं आणि १९०२ च्या ऑक्टोबरात त्यानं शर्यत जिंकून दाखवली.

या नावावर १६ जून १९०३ ला फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली. पहिली गाडी विकली गेली तेव्हा कंपनीच्या बँकेत सव्वादोनशे डॉलरसुद्धा नव्हते. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर शिकागोचा एक डॉक्टर. तोही दातांचाच!

१२ जानेवारी १९०४ ला हेन्री स्वतः पुन्हा रेस गाडीत बसला. या वेळी समोर दुसरं कुणी नाही, फक्त घड्याळ. सेंट क्लेअर सरोवर गोठलेलं, त्या बर्फावर राख पसरून सरळ पट्टा केलेला. चाळीस वर्षांचा माणूस, घरी बायको आणि दहा वर्षांचं पोर, आणि खाली तडे गेलेला बर्फ. पुन्हा हफच सोबतीला. एक मैल त्यानं ३९.४ सेकंदांत तोडला. ताशी १४७ किलोमीटर. तेव्हा जगात इतक्या वेगानं गाडी कुणी पळवली नव्हती. सरळ पट्टा, घरच्या हातांनी बांधलेली गाडी आणि घड्याळ. ड्रॅग रेस आणखी काय वेगळी असते?

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही येते, म्हणून भरभर सांगते. १९०८ मध्ये मॉडेल टी ही साधी, उंच, कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी आली. १९१३ मध्ये कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. माणूस जागेवर, गाडी त्याच्याकडं येणार. सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते दीड तासावर आले. गाडीची किंमत उतरत गेली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बनल्या. शेतकरी ही गाडी घरीच दुरुस्त करायचे. मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावायचा आणि लाकूड कापायचं यंत्र चालवायचं. कुणी कपडे धुण्याचं यंत्रही चालवायचे. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या पुलीवर मळणी काढतात, तसंच.

आणि याच जुन्या, स्वस्त झालेल्या फोर्ड गाड्या पोरांच्या हाती पडल्या. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पोरं त्या सोलून-सोलून पळवू लागली. १९३२ मध्ये फोर्डनं स्वस्तात आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, आणि हॉट रॉडवाल्यांचं ते दैवतच झालं. रस्त्यावर शर्यती लागून पोरं मरू लागली, तेव्हा १९५१ मध्ये त्यांच्यातल्याच मोठ्यांनी संघटना काढली. गाडीची तपासणी, डोक्याला हेल्मेट, रस्ता सोडून ठरलेला पट्टा. मुलाला मी हे दोनदा वाचून दाखवलं.

आता एक गंमत. हेन्रीची मॉडेल टी सुरू करायला पुढचा दांडा जोरात फिरवावा लागायचा. हात मोडायचे त्यात. मग जगभर पेट्रोलच्या गाड्या विकणाऱ्या या माणसाची बायको स्वतः कुठली गाडी चालवायची? दुसऱ्या कंपनीची, विजेवर चालणारी! क्लाराची १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक आजही संग्रहालयात आहे. आज इलेक्ट्रिक स्कूटीवर दळण आणणाऱ्या आपण सगळ्या क्लाराच्याच पंगतीतल्या.

तिनं घरी नुसतं बसूनही दिवस काढले नाहीत. शेतकरी बायकांच्या राष्ट्रीय संघटनेची ती १९२७ पासून काही वर्षं अध्यक्ष होती. बायकांनी रस्त्याकाठी नीटनेटका स्टॉल लावून भाजी, अंडी, मध विकावा आणि पैसा स्वतःच्या हाती ठेवावा, यासाठी तिची धडपड होती. आमच्या गटाच्या बायका नाक्यावर हळद आणि पापड घेऊन बसतात, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फार अप्रूप वाटलं.

पण हेन्री फोर्ड देवमाणूस नव्हता. १९१४ मध्ये त्यानं कामगाराला दिवसाला पाच डॉलर देऊ केले, जवळजवळ दुप्पट. जगभर वाहवा झाली. मात्र त्यासाठी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची, घर स्वच्छ आहे का, दारू तर पीत नाही ना. मीही घरोघर जाते, पण कुणाचा पगार माझ्या वहीवर अवलंबून नसतो. आणि बायकांना ते पाच डॉलर सुरुवातीला नव्हतेच, ते मिळाले १९१६ मध्ये. १९२० नंतर त्यानं आपल्या वर्तमानपत्रातून ज्यू लोकांविरुद्ध विखारी लिखाण छापलं. १९२७ मध्ये माफी मागितली, पण १९३८ मध्ये हिटलरच्या सरकारचं पदक घेतलंच. कामगारांच्या युनियनला त्यानं मारहाण करणारी माणसं ठेवून रोखलं. शेवटी १९४१ मध्ये सही केली. क्लारानं घर सोडून जायची धमकी दिली म्हणून तो नमला, असं त्याच्या एका जवळच्या अधिकाऱ्यानं नंतर लिहून ठेवलंय.

माझ्या जिवाला लागलं ते मुलाचं. एडसेल गुणी होता, त्याला गाड्यांच्या रूपाची, रेषांची दृष्टी होती. तो नावाला कंपनीचा अध्यक्ष, पण बाप चारचौघांत त्याचे निर्णय फिरवायचा. एडसेलनं १९३४ मध्ये कंपनीतल्या एका चित्रकाराकडून स्वतःपुरती एक वेगवान, बुटकी, ॲल्युमिनियमच्या अंगाची गाडी करून घेतली. आत इंजिन बापाचंच, आठ सिलिंडरचं. रेस कुणाशी लावायची होती कोण जाणे. १९४३ च्या मे महिन्यात पोटाच्या दुखण्यानं एडसेल गेला, वय ४९. ज्या बापानं स्वतःच्या बापाची शेती सोडून मनासारखं केलं, त्याला मुलाचं मन कळलं नाही.

ऐंशीच्या घरातला हेन्री पुन्हा अध्यक्ष होऊन बसला. कारभार घसरू लागला. तेव्हा क्लारा आणि एडसेलची विधवा बायको एलिनॉर, सासू-सून एक झाल्या. सुनेनं आपले शेअर विकायची धमकी दिली, सासूनं घरातून रेटा लावला, आणि सप्टेंबर १९४५ मध्ये म्हाताऱ्यानं नातवाच्या हाती कंपनी दिली. टीव्हीवरच्या मालिकांत अशी सासू-सून का दाखवत नाहीत?

७ एप्रिल १९४७ ला रूज नदीला पूर आला. पैनगंगा चढली की आमच्याकडंही रस्ता बंद होतो, वीज जाते, तसंच तिथं झालं. फोर्डचं स्वतःचं वीजघर असलेला मोठा वाडा अंधारात बुडाला. रात्री मेणबत्त्या आणि रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात ८३ वर्षांच्या हेन्रीनं प्राण सोडला. शेजारी क्लारा होती. एकेकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्याची वायर ओढून ज्याच्या इंजिनाला ठिणगी दिली, त्याच्या उशाशी ती मेणबत्तीच्या उजेडात बसलेली. ती त्याच्यानंतर तीन वर्षं जगली. २९ सप्टेंबर १९५० ला गेली.

आमच्याकडचं म्हणाल तर तह झालाय. गाडीचं काम अंगणात, पत्र्याखाली. स्वयंपाकघरात पेट्रोलचा थेंब येणार नाही. जवळ वाळूची बादली. सायलेन्सर निघणार नाही. आणि गाडी चालली तर ती आमच्याच शेतात, हरभरा निघाल्यावर, डोक्याला हेल्मेट घालून. हायवेचं नाव जरी काढलं तरी इंजिन भंगारात, हे मी लिहून घेतलंय, खाली त्याची सही आहे. परवा चौकट वेल्डिंग करताना दुसऱ्या बाजूनं धरायला कुणी नव्हतं, तर मीच धरली. चष्मा लावून, तोंड फिरवून. पदर मात्र आधी घट्ट खोचून घेतला.

गाळणी नवी आणली. जुनी त्याला देऊन टाकली.